नागपूर ते चिखलदरा सायकलने: एका दिवसात जमेल का?

सपाट_नागपूरकर

सायकल घेऊन तीन वर्षं झाली आणि तीन वर्षं सपाटच चालवतोय. नागपूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे चढ म्हणजे फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स. धाप लागायच्या आत संपतो. रविवारी फार तर रामटेक. गडमंदिराच्या रस्त्याने पाचसहा वेळा वर-खाली करायचं, खाली येऊन तर्री पोहे हाणायचे आणि दुपारच्या आत घर. गेल्या महिन्यात त्या चढाच्या दहा फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला वरचा फुलंवाला म्हणाला, "भाऊ, नवस बोलला होता काय?"

आता खरा घाट हवा आहे, तोही जंगलातला. विदर्भात तसं थंड हवेचं ठिकाण एकच, म्हणून चिखलदरा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे ४ ला नागपूर सोडायचं आणि त्याच दिवशी वर पोचायचं, असा बेत आहे. साधारण २३० किमी. वर सुमारे ११०० मीटर उंची, आपलं नागपूर ३१०.

सायकल जुनी ॲल्युमिनियमची रोडबाईक, रिम ब्रेक, पुढच्या चकत्या ५३/३९ दातांच्या, मागच्या ११-२५, टायर २५ मिमीचे. वय ४१, वजन ७४. बाटल्या-पंपासकट सायकल ११ किलो. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेदहा तासांत केली आहे. कोणी हे एका दिवसात केलंय का? रस्ता काटोलवरून घ्यावा की अमरावतीवरून? आणि ते वाघ-अस्वल प्रकरण कितपत खरं?

कॅसेट_किंग

वाघाचं नंतर बघू, आधी तुमच्या गिअरचं बघा. ३९-२५ वर पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटरच्या थोडी वर जाते. ७ टक्क्यांच्या चढावर ताशी १० ने जायचं म्हटलं तर मिनिटाला ५१ फेऱ्या. दहा मिनिटं कोणीही काढेल. दोन तास त्या गतीने ढकललं की गुडघे पत्र लिहून कळवतात.

शिवाय तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो. तेवढं वजन ताशी १० ने ७ टक्क्यांवर नुसतं वर उचलायलाच १६० वॅट लागतात, हवा आणि टायरचं घर्षण वेगळं. गडमंदिराला हे कळत नाही, कारण तिथे उतरताना पाय मोकळे होतात.

पुढे ३४ आणि मागे ३२ केलं तर त्याच वेगाला ७५ फेऱ्या पडतील. बसून, पाणी पीत, झाडं बघत जाता येतं.

सपाट_नागपूरकर

सीताबर्डीतल्या मेकॅनिकला विचारलं. म्हणतो तुमच्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) ३८ दातांपेक्षा लहान रिंग बसतच नाही, आख्खा क्रँक बदला. आणि मागे ३२ लावली तर जुना डिरेलर (साखळी सरकवून गिअर बदलणारा) पुरणार नाही, लांब पिंजऱ्याचा घ्या. खर्च ऐकून घरी अजून बोललो नाही.

कॅसेट_किंग

बरोबर सांगतोय तो. क्रँक जुन्या सायकलीचा मिळाला तर बघा. आणि घरी सांगताना "गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त" असं सांगा. आमच्याकडे चाललं.

परतवाड्याचा_पोट्टा

दादा, मी परतवाड्याचा. तुमचा हिशोब आधी मांडून पाहू. काटोल-वरूड-मोर्शीवरून या नाई तर अमरावतीवरून या, परतवाडा दोनशेच्या आतबाहेर पडते. चारले निंघाले, ताशी २२ नं आले, त नुसते चालवाचेच ९ तास. चहा, नाश्ता, पाणी, एखादं पंक्चर, दीड तास धरा. म्हंजे परतवाड्यात अडीच वाजले. मंग दोनशे किलोमीटर झालेल्या पायानं ३० किलोमीटरचा रस्ता, सातशे मीटरच्या वर चढ. तीन तास त लागतेच.

साडेपाच वाजले ना? डिसेंबरात आमच्याकडं साडेपाचच्या सुमाराले सूर्य डुबते. घाटाचा सगळ्यात वरचा आन् सगळ्यात जंगली तुकडा तुमी नेमका तिन्हीसांजेले गाठून रायले. अस्वलाची फिराची टाइम बी तेच हाये. त्याले तुमचं बीआरएमचं मेडल दिसत नाई.

इथंच मुक्काम करा, सकाळी घाट चढा. हिवाळ्यात सकाळचा घाट काय रायते, ते पायल्याशिवाय समजत नाई.

सपाट_नागपूरकर

मुद्दा मान्य, पण दोन दिवसांत तर कोणीही करेल हो. आपल्याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) एकट्याने पूर्ण केली, अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, ४८०० किलोमीटरच्या आसपास, बारा दिवसांच्या मुदतीत. आणि आम्ही २३० ला मुक्काम करायचा? दोन तास आधी निघालो तर?

परतवाड्याचा_पोट्टा

त्यायच्या मागं गाडी होती दादा. तुमच्या मागं कोन हाये?

दोन वाजता निंघाले त आदल्या रातची झोप गेली. झोप नसलेला मानूस घाट चढून जाते, उतरताना पडते.

पेठेतली_पॅडल

आम्ही सिंहगड दर शनिवारी करतो. इतका विचार कशाला? चढायचं आणि यायचं.

धरमपेठ_एक्सप्रेस

आले का. ताई, सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी लावता येते आणि वर भजी मिळतात. इथे पायथा गाठेपर्यंत तुमचे चार जिल्हे संपतील.

पेठेतली_पॅडल

तीन. पण मुद्दा पोचला. :)

सौंसरची_लेक

मी जरा वेगळंच सुचवते. सगळे चिखलदऱ्याच्या मागे लागलेत, पण नागपूरहून खरा सातपुडा बघायचा तर उत्तरेला जा. सावनेर, सौंसर, मग रामाकोना ओलांडलं की सिल्लेवानीचा घाट. तो चढलात की थेट छिंदवाड्याच्या पठारावर. छिंदवाडा नागपूरहून सव्वाशे किमी आहे आणि पावणेसातशे मीटर उंचीवर. म्हणजे पहिल्याच दिवशी निम्मा चढ खिशात, तोही दुपारच्या आत.

माझं माहेर सौंसरचं. लहानपणी नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजने याच डोंगरातून जायचो. गाडी भंडारकुंड-भिमालगोंदीच्या चढाला इतकी हळू व्हायची की मामा उतरून बोरं तोडून परत डब्यात चढायचा, असं तो सांगायचा. आम्ही कोणी बघितलं नाही. आता तिथे ब्रॉडगेज झालं. मामाही गेला.

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याहून तामिया. तिथून पातालकोटची दरी वरून दिसते. घोड्याच्या नालेच्या आकाराची, आणि खाली भारिया आदिवासींची गावं. कड्यावर उभं राहिलं की धूर आधी दिसतो, घर नंतर. तामियाहून मटकुलीपर्यंत उतार, मग देनवा नदी ओलांडायची आणि परत पचमढीचा चढ. पचमढी १०६७ मीटर, आणि अजून दम असेल तर धूपगड आहेच. साडेतेराशे मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. एवढं एका रस्त्यावर चिखलदऱ्याला मिळणार नाही.

भाषेची काळजी नको. सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत सगळे मराठीच बोलतात, राज्य बदललेलं फक्त पाटीवरून कळतं.

कॅसेट_किंग

सिल्लेवानीला ट्रकचं काय? मी एकदा गेलो होतो तेव्हा अर्धा घाट एका सिमेंटच्या ट्रकच्या धुरात चढलो. तो माझ्यापेक्षा थोडा हळू, मी त्याला ओलांडण्याइतका जोरात नाही. आम्ही दोघंही अडकलेलो.

सौंसरची_लेक

ट्रक आहेतच, खोटं कशाला बोलू. म्हणून पहाटे सौंसर सोडायचं. आदल्या संध्याकाळी जाम सावळीला हनुमानाचं दर्शन घेऊन सौंसरमध्येच राहा. पण हा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम आहे, सुट्टी असेल तरच.

निवृत्त_वनरक्षक

मी वनखात्यात होतो, बरीच वर्षं मेळघाटात. धाग्यावर वाघ-अस्वलाची चर्चा चालली आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. जंगलातून जाणारा सार्वजनिक रस्ता वेगळा आणि गेटच्या आतला रस्ता वेगळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, पण सार्वजनिक महामार्गाने निघून जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. 'निघून जाणाऱ्याला' हा शब्द लक्षात ठेवा. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालवरून धारणीकडे जाणारा रस्ता असाच. त्यावरून जा, पण फोटोसाठी शंभर पावलं आत शिरलात की तुम्ही वाटसरू राहिला नाहीत. नाक्यावरचा माणूस काही सांगत असेल तर वाद घालू नका, त्या दिवशी त्या पट्ट्यात काय फिरतंय ते त्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट. वाघ तुम्हाला दिसणार नाही. मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, पण डोंगराळ आणि दाट. आम्हाला महिनोन्‌महिने नुसते पंजे दिसायचे. खरी भीती अस्वलाची, कारण त्याला नजर कमी आणि सायकलला आवाज नाही. मोटारसायकल दोन वळणं आधी ऐकू येते, तुम्ही थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहता. दचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. म्हणून आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा, आपसात मोठ्याने बोला. कानात गाणी अजिबात नकोत. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो तेव्हा पहाटेही सांभाळा, फुलं वेचायला माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली येतात.

रानगवा रस्त्यात उभा असेल तर थांबा. तो जाईल. दहा मिनिटं लागतील, वीस लागतील. घंटी तिथे वाजवू नका.

तिसरी, जरा गमतीची. डिसेंबरपासून सागाची पानं गळायला लागतात. वाळलेलं सागपान पापडासारखं वाजतं. त्यावरून उंदीर गेला तरी बिबट्या आल्यासारखं वाटतं. नवीन भरती झालेली पोरं पहिला हिवाळा झोपायची नाहीत. तुम्हीही घाबराल, हरकत नाही. सिपना नदीचं नाव ऐकलंच असेल. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग.

परतवाड्याचा_पोट्टा

काका, एक नंबर. सपाटदादा, आता तरी मुक्काम करता ना?

सपाट_नागपूरकर

करतो बाबा, करतो. काकांच्या अस्वलाने पटवलं.

आता रस्ता सांगा. चिखलदऱ्याला वर जायला धामणगाव गढीचा घ्यावा की घटांगचा?

परतवाड्याचा_पोट्टा

धामणगाव गढीवरून चढा, घटांगवरून उतरा. गढीचा जवळ पडते आन् चढ एकसारखा लागते. घटांगचा लांब हाये पन जंगल भारी. थकून आल्यावर लांब उतार बरा का आखूड, ते तुमी ठरवा.

कॅसेट_किंग

उतारावर एक सांगतो, रिम ब्रेक आहेत म्हणून. ब्रेक दाबून धरत उतरू नका. रिम तापते, आतली ट्यूब फुटते, तीही नेमकी वळणावर. सरळ तुकड्यात सोडायचं, वळणाआधी जोरात दाबून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवायचे, तिथून बोटांना जोर येतो. मध्ये दोनदा थांबून रिमला बोट लावून बघा, चटका बसला तर चहा प्या.

आणि एसटी. वळणावर एसटीला आख्खा रस्ता लागतो. ती तुमच्या बाजूला आली म्हणून ड्रायव्हरला शिव्या देऊ नका, तिला दुसरीकडून वळताच येत नाही.

धरमपेठ_एक्सप्रेस

काटोलवरून जा. अमरावतीचा हायवे म्हणजे २०० किलोमीटर पांढरा पट्टा बघणं. वाचनखूण साठवली आहे, परत आल्यावर लिहा.

सपाट_नागपूरकर

जाऊन आलो.

क्रँक बदलला. एका ओळखीच्याच्या पडून असलेल्या सायकलीचा मिळाला, ५०/३४. मागे ११-३२, डिरेलर नवा, टायर २८ चे. घरी ऑपरेशनचं वाक्य वापरलं. बायको म्हणाली, "मेंदूचं का?"

पहिला दिवस काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार. काटोलपर्यंत धूळ खाल्ली, पण पुढे दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची तोड चालू होती. वरुडाजवळ रस्त्याच्या कडेला ढीग लावून बायका प्रतवारी करत होत्या, मोठी इकडे, बारकी तिकडे, हात बघत नव्हते, नुसते चालत होते. पाणी मागितलं तर चार संत्री हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. जर्सीच्या मागच्या खिशात टाकली आणि मोर्शीपर्यंत कंबरेला गार लागत राहिलं. मोर्शी सोडल्यावर उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते आणि मग परतवाड्यापर्यंत सोडत नाही. दिवसभर तिच्याकडे बघत होतो, मनात एकच, उद्या.

परतवाड्यात पोचलो ३ ला. म्हणजे पोट्ट्याचा हिशोब अर्ध्या तासाने चुकला, माझ्या विरुद्ध. त्याच संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर उभा होतो. साडेपाचला डोंगर काळा झाला, सहाला दिसेना. तिथे त्या वेळी मी एकटा, एका दिव्यावर असतो, हा विचार करून खाली जाऊन मुकाट्याने जेवलो.

सकाळी पावणेसातला निघालो. धामणगाव गढीला चहा. थंडी इतकी की कपाचीच ऊब घेत बसलो. त्यानंतर घाट. काय लिहू. पहिली दोन वळणं जोरात घेतली, तिसऱ्याला अक्कल आली. ३४-३२ टाकला आणि बसून राहिलो. ताशी ८, ९, कधी ७. इतक्या हळू सगळं ऐकू येतं. साखळीचा आवाज, आपला श्वास, आणि मग ते सागपान. डावीकडे वर काहीतरी चाललं. थांबलं. परत चाललं. मी घंटी वाजवली. वाजवतच राहिलो. शेवटी रस्त्यावर उतरला तो रानकोंबडा. काका, तुम्ही सांगूनही.

वरच्या भागात पंक्चर. बाभळीचा काटा, आत तुटलेला. ट्यूब बदलली, पण काटा टायरमध्येच होता आणि मला सापडेना. चष्मा घरी. शेळ्या घेऊन चाललेला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा थांबला. काही न बोलता टायर हातात घेतलं, आतून अंगठ्याचं नख फिरवत गेला, एका जागी थांबला, आणि दाताने काटा ओढून काढला. माझ्या तळहातावर ठेवला. मग हवा भरेपर्यंत चाक धरून बसला. पंपावरचा काटा कसा चढतो ते त्याला फार आवडलं, म्हणून ८० ऐवजी ९० पर्यंत भरली. त्याला एक संत्रं दिलं. ते त्याने शेळीला दाखवलं आणि स्वतः खाल्लं.

वर साडेदहाला. गवळ्यांच्या हातचा ताजा खवा मिळतो म्हणून ऐकलं होतं. मिळाला, पानावर, अजून कोमट. पाव किलो एकट्याने संपवला, लाज वाटत नाही. भीमकुंडावर गेलो, कीचकाला मारून भीमाने हात धुतले ते हेच म्हणतात. गाविलगडाच्या दरवाजापर्यंत पायी. आत तटबंदीवर बसून विचार करत होतो, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी या किल्ल्यावर तोफा चढवल्या, त्या कशा चढवल्या असतील? माझी सायकल ११ किलोची.

उतरलो घटांगवरून. कॅसेटभाऊ, दोनदा थांबलो, दुसऱ्यांदा चटका बसला. रस्ता नुसता उतार नाही, मध्ये मध्ये परत चढवतो, आणि पाय तोवर लाकडाचे. पण जंगल खरंच भारी. एक गाडी दहा मिनिटांनी. गवा दिसला नाही, शेण दिसलं, ताजं, वाफ येत होती. फोटो काढला नाही, निघालो. घंटी नाही वाजवली.

परतवाड्याहून नागपूरला सायकल बसच्या टपावर टाकून आलो. हे आधी सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलं.

निवृत्त_वनरक्षक

शेण बघून निघालात, बरं केलंत. तो कोंबडा मला माहीत आहे, असं म्हणणार होतो, पण जाऊ द्या.

सौंसरची_लेक

छान लिहिलंय. आता मार्चच्या आत पचमढी. सौंसरला वहिनींना घेऊन मुक्कामाला या, माझ्या भावाकडे सोय होईल.

सपाट_नागपूरकर

तिला विचारलं. म्हणाली, "मी रेल्वेने येते."

परतवाड्याचा_पोट्टा

दादा, पचमढी मंग पाहू. डिसेंबर संपता संपता बहिरमची यात्रा लागते, आमच्या इथून पंधरा किलोमीटर, बैतूल रोडवर. जानेवारीभर चालते. मातीच्या हंडीतलं मटण आन् रोडगे. या वक्ती परतवाड्यापर्यंत बशीनं या, सायकल टपावर, मी कोनाले सांगत नाई. सकाळी मुक्तागिरीची जैन मंदिरं करू, दुपारी बहिरम. कोन कोन येते?

कॅसेट_किंग

मी. ३४-३२ घेऊन.

धरमपेठ_एक्सप्रेस

+१. हंडी दोन सांगून ठेव.

पेठेतली_पॅडल

पुण्याहून परतवाड्याला यायला कुठली गाडी बरी?